भरावावरचे किनारी नगर: जमीन बसायला लागणारी वर्षे कोणाच्या खात्यात धरायची?

गाळमाती (धागाकर्ते)

समुद्रात किंवा खाडीत भराव टाकून नवी जमीन तयार करायची आणि तिच्यावर घरे, कचेऱ्या, दुकाने आणि पाण्याकाठचा फिरण्याचा रस्ता असे एकत्रित नगर वसवायचे, ही कल्पना गेली दीडशे वर्षे वेगवेगळ्या किनाऱ्यांवर पुन्हा पुन्हा पुढे येत आहे. चर्चा मात्र बहुतेक वेळा इमारतींच्या उंचीवर आणि संकल्पचित्रांवर अडकते. मी भरावाच्या कामावर जमीन किती खचते हे मोजण्याचे काम काही वर्षे केले आहे, त्यामुळे माझे लक्ष साहजिकच भरावाच्या खालच्या मातीकडे जाते आणि या धाग्यात मला तिच्याबद्दलच बोलायचे आहे.

किनाऱ्यालगतच्या पाण्याखाली बहुतेक ठिकाणी मऊ चिकणमातीचा जाड थर असतो. तिच्या कणांच्या मध्ये पाणी भरलेले असते. त्यावर दहा-पंधरा मीटर रेती टाकली की तिचे वजन आधी त्या पाण्यावर येते, आणि पाणी हळूहळू बाहेर निघून जाईल तसतशी माती दबत जाते. कार्ल टेर्झागी यांनी १९२० च्या दशकात मांडलेल्या सिद्धांतानुसार या दबण्याला लागणारा वेळ पाण्याला बाहेर पडण्यासाठी कापाव्या लागणाऱ्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे अंतर दहापट कमी केले तर वेळ शंभरपट कमी होतो. म्हणूनच मातीत दर एक-दीड मीटरवर उभ्या निचरापट्ट्या खुपसतात आणि वर गरजेपेक्षा जास्त रेतीचा ढीग काही महिने ठेवून देतात, म्हणजे उद्याच्या इमारतींचे आणि रस्त्यांचे वजन मातीने आजच सोसलेले असते. निचरापट्ट्यांनी काही दशकांचे काम एक-दोन वर्षांवर येते. मात्र ते शून्यावर येत नाही, आणि त्यानंतरही माती अत्यंत मंद गतीने दबत राहते.

हे मोजण्याची रीत अगदी साधी आहे. भरावाच्या तळाशी एक लोखंडी प्लेट ठेवतात, तिच्यावर उभा दांडा बसवतात, भराव चढेल तसे दांड्याला वरून तुकडे जोडत जातात आणि दांड्याच्या टोकाची पातळी दूरच्या पक्क्या खुणेवरून दर आठवड्याला वाचतात. कागदावर तो आलेख आधी कड्यासारखा उतरतो आणि मग सपाट होऊ लागतो. एखाद्या डंपरचा धक्का लागून दांडा वाकला की त्या जागेची महिनोन्‌महिन्यांची नोंद वाया जाते, म्हणून आम्ही दांड्याला लाल रंग देऊन भोवती रेतीने भरलेले पिंप उभे करत असू. आलेख सपाट होण्याची वाट पाहणे हाच या कामातला सर्वांत अवघड भाग होता, कारण ‘जादा रेती कधी उचलू?’ हा प्रश्न रोज येत असे, आणि विचारणाऱ्यांच्या मागे कर्जाचे व्याज उभे असे.

अंदाज किती चुकू शकतो, याचे मोठे उदाहरण म्हणजे जपानमधील ओसाका उपसागरातले कान्साई विमानतळाचे बेट. सुमारे १८ मीटर खोल पाण्यात भराव टाकून हा विमानतळ १९९४ मध्ये सुरू झाला. वरच्या मऊ थरात सुमारे दहा लाख वाळूचे उभे निचरे घातले होते आणि तो थर अपेक्षेप्रमाणे लवकर दबला, पण त्याच्याखालचे जुने, अधिक घट्ट समजले गेलेले थरही भाराखाली दबत राहिले. काम सुरू झाल्यापासून आजवर पहिले बेट सरासरी १३ मीटरहून अधिक खचले आहे. टर्मिनलच्या सुमारे ९०० खांबांखाली जॅक बसवून इमारत समतल ठेवता येईल अशी सोय आधीच केली होती, म्हणून ती वापरात राहू शकली. विमानतळाचा एकच मालक असतो, त्याला जॅक फिरवता येतात. हजारो कुटुंबांच्या, शेकडो गाळ्यांच्या नगरात जॅक कोण फिरवणार?

माझे मत स्पष्ट आहे. भरावावरच्या नगरात पहिली काही वर्षे फक्त जमीन बसण्यासाठी राखली पाहिजेत, त्या काळात भूखंड विकता कामा नयेत, आणि खचण्याच्या नोंदी खरेदीदारांना पाहता येतील अशा खुल्या ठेवल्या पाहिजेत. यावर आपल्या सर्वांचे विचार वाचायला आवडतील.

उंबरठा

धागाकर्त्यांनी जे मातीच्या बाजूने लिहिले आहे, ते मी घराच्या बाजूने अनुभवले आहे. मी भरावावरच्या एका वसाहतीत तळमजल्यावर राहतो. आमची इमारत खोलवर गेलेल्या पाइलवर, म्हणजे जमिनीत उतरवलेल्या खांबांवर, उभी आहे आणि तिला आजवर एकही तडा गेलेला नाही. तडे गेले आहेत ते तिच्याभोवतीच्या प्रत्येक गोष्टीला.

ताबा मिळाला तेव्हा प्रवेशद्वाराशी पायरी नव्हती, फरसबंदी थेट उंबरठ्याला भिडलेली होती. दोन वर्षांत तिथे एक पायरी करावी लागली आणि पाचव्या वर्षी तिच्याखाली दुसरी. चाकाच्या खुर्चीसाठी केलेला उतार तीनदा लांबवला. सर्वांत जास्त त्रास मात्र सांडपाण्याच्या नळाने दिला. इमारतीतून बाहेर पडणारा नळ इमारतीला धरून जागच्या जागी राहिला आणि रस्त्याखालची वाहिनी जमिनीबरोबर खाली गेली, त्यामुळे जिथे दोन्ही जोडलेले होते तिथेच सांधा तुटला. कित्येक महिने मैला जमिनीखाली मुरत होता आणि आम्हाला तो फक्त वासावरून कळत होता. विकासकाचे म्हणणे असे की इमारत सुरक्षित आहे, त्यामुळे त्यांची जबाबदारी संपली. रस्त्याची देखभाल ज्यांच्याकडे आहे ते म्हणतात की सांधा आवाराच्या आत आहे. दुरुस्तीचा खर्च अखेर रहिवाशांनी वर्गणी काढून केला.

माझा प्रश्न असा आहे की घर घेताना मी नेमके काय विचारायला हवे होते? ‘पाया पक्का आहे का’ हे मी विचारले होते, आणि त्याचे मिळालेले उत्तर खरेच होते.

गाळमाती

उंबरठा, आपण जे वर्णन केले आहे ते भराव जमिनीवरच्या वस्तीचे सर्वांत नेहमीचे दुखणे आहे, आणि ते जाहिरातीत कधीच दिसत नाही. पाइल खालच्या कठीण थरावर टेकलेले असतात, म्हणून इमारत थांबते. रस्ता, नळ, केबल, बाग आणि कुंपण हे सारे मऊ मातीवर तरंगत असते, म्हणून ते खाली जाते. शिवाय दबणारी माती पाइललाही चिकटून आपल्याबरोबर खाली ओढते. हा जादा भार हिशेबात धरूनच पाइलची लांबी ठरवावी लागते.

‘पाया पक्का आहे का’ याऐवजी ‘आवारातली जमीन पुढच्या वीस वर्षांत आणखी किती खाली जाईल असे धरले आहे, आणि त्यासाठी काय सोय केली आहे’ असे विचारायला हवे. सोयी अवघड नाहीत. इमारतीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नळाला हालचाल सोसणारे दोन लवचीक सांधे देता येतात. प्रवेशाशी एक टोक इमारतीवर आणि दुसरे जमिनीवर टेकलेला काँक्रीटचा स्लॅब टाकला, तर पायरी पडण्याऐवजी हलका उतार तयार होतो. सांडपाण्याच्या वाहिन्यांना आधीच जास्त उतार द्यावा लागतो, कारण मधला भाग बसला की पाणी उलटे वाहते. या सगळ्याचा खर्च बांधतानाच केला तर थोडा असतो; फरसबंदी फोडून केला तर तो कितीतरी पटींनी वाढतो. आणि ज्या भूखंडावर निचरापट्ट्या घालून जादा भार ठेवला होता, तिथल्या नोंदी मागा. त्या नाहीत असे उत्तर मिळाले, तर तेही एक उत्तरच आहे.

कंपन

चर्चा आतापर्यंत चिकणमातीवर आहे. मी वरच्या रेतीबद्दल लिहितो, कारण भूकंपप्रवण किनाऱ्यावर धोका वरूनही येतो. पाण्यासह पंपाने ओतलेली रेती सैल बसते. भूकंपात तिचे कण एकमेकांत घुसू पाहतात, मधले पाणी बाहेर पडायला वेळ मिळत नाही, आणि काही सेकंदांसाठी जमीन घट्ट द्रवासारखी वागते. यालाच द्रवीकरण म्हणतात.

१७ ऑक्टोबर १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपाचे केंद्र सॅन फ्रान्सिस्कोपासून बरेच दूर होते, तरी शहरातील मरीना भागात घरे कोसळली आणि आगी लागल्या. त्या भागाचा बराचसा भराव १९१५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी घाईने घातलेला होता. १९९५ च्या कोबे भूकंपात पोर्ट आयलंड या भरावाच्या बेटावर जमिनीतून रेती-पाण्याचे उमाळे फुटले आणि धक्क्याच्या भिंती काही मीटर समुद्राकडे सरकल्या, पण जिथे जमीन आधी घट्ट केली होती तिथे नुकसान बरेच कमी होते.

सर्वांत बोलके उदाहरण टोकियोजवळच्या उरायासू शहराचे आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंपात या शहराच्या बहुतांश भागात द्रवीकरण झाले, मॅनहोल जमिनीतून वर आले, घरे कलली आणि सांडपाण्याची व्यवस्था कित्येक दिवस बंद राहिली. त्याच शहरातल्या डिस्नेलँडच्या उद्यानाखालची जमीन वाळूचे घट्ट खांब ठोकून आधीच सुधारलेली होती; तिथे फारसे काही झाले नाही, आणि त्याच्याच वाहनतळावर मात्र चिखल उसळला. एकाच भरावावर, एकाच भूकंपात, कुंपणाच्या आत आणि बाहेर असा फरक पडला. म्हणून धागाकर्त्यांच्या मागणीत मी एक भर घालतो: जमीन घट्ट करण्याचे काम प्रत्येक विकासकाच्या भूखंडापुरते ठेवू नये. रस्ते, वाहिन्या आणि मोकळी मैदाने यांच्याखालीही ते झाले पाहिजे, कारण भूकंपानंतर लोक घराबाहेर पडून तिथेच येणार आहेत.

ताळेबंद

धागाकर्त्यांशी मी तत्त्वतः सहमत आहे, पण ‘काही वर्षे विकू नका’ हे म्हणणे आर्थिक बाजूने इतके सरळ नाही. भरावाचा खर्च सगळा आधी होतो आणि उत्पन्न सगळे नंतर येते. या मधल्या काळात कोणीतरी व्याज भरत असतो, आणि जो व्याज भरतो तो घाई करतो. हा त्याच्या स्वभावाचा दोष नसून योजनेच्या रचनेचा आहे.

मुंबईच्या बॅकबेची कहाणी या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या भावामुळे आलेल्या पैशावर १८६० च्या दशकात भरावाची कंपनी निघाली, तिचे समभाग अफाट चढले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सारे कोसळले. नंतर १९२० च्या दशकात सरकारनेच योजना हाती घेतली. १,१४५ एकर, आठ विभाग असा आराखडा होता. समुद्रभिंतीतून गाळ बाहेर वाहत राहिला, खर्चाचे अंदाज कोलमडले, वकील खुर्शेद नरिमन यांनी गैरव्यवहार चव्हाट्यावर आणले, आणि त्या काळात आठांपैकी चारच विभाग पुरे झाले. पहिल्या वेळी खासगी कंपनी होती आणि दुसऱ्या वेळी सरकार. त्यामुळे ‘जमीन सरकारकडे ठेवली म्हणजे झाले’ यावर माझा विश्वास नाही.

फरक पडतो तो मालकीच्या स्वरूपाने. न्यूयॉर्कच्या बॅटरी पार्क सिटीचा ९२ एकरांचा भराव, ज्यात वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पायासाठी खणलेली माती होती, १९७६ मध्ये पूर्ण झाला. शहर तेव्हा आर्थिक संकटात होते आणि पुढची काही वर्षे तिथे जवळजवळ काहीच उभे राहिले नाही. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या प्राधिकरणाने ती जमीन विकली नाही. दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली. त्यामुळे जमिनीची किंमत वाढली तसे भाडे सार्वजनिक तिजोरीत येत राहिले, आणि प्राधिकरण पुढेही तिथेच असल्यामुळे काठाची भिंत, उद्याने आणि रस्ते यांची जबाबदारी कोणाची हा प्रश्न उरला नाही. उंबरठा यांची वर्गणी नेमकी या उत्तरदायी मालकाच्या अभावातून आली आहे. या उदाहरणाची काळी बाजूही नोंदवतो: सुरुवातीच्या आराखड्यातली अल्प उत्पन्न गटाची घरे नंतर वगळली गेली आणि त्याऐवजी उत्पन्नाचा काही वाटा शहरात इतरत्र घरांसाठी देण्याचे ठरले. पाण्याकाठ मात्र श्रीमंतांकडे गेला.

चौक

ताळेबंद यांनी ज्या रिकाम्या वर्षांचा उल्लेख केला, त्यांतच त्या नगराचा आराखडा सुधारला गेला, हे मला महत्त्वाचे वाटते. आधीची कल्पना उंच चौथऱ्यांवरच्या प्रचंड इमारतींची होती. १९७९ च्या नव्या आराखड्याने जुन्या शहराचे रस्ते सरळ पुढे वाढवून पाण्यापर्यंत नेले, लहान भूखंड पाडले आणि काठ सलग सार्वजनिक ठेवला. लहान भूखंडांमुळे नगर टप्प्याटप्प्याने वाढू शकले आणि एका विकासकाच्या अडचणीने सगळे थांबले नाही.

सिंगापूरने मरीना बेच्या भरावाचे काम प्रामुख्याने १९७० आणि १९८० च्या दशकांत केले, पण आज दिसणारे मनोरे पुष्कळ नंतरचे आहेत. मधल्या काळात तिथे उद्यान आणि खाणावळी असे हलके, तात्पुरते वापर होते. जमीन बसत होती, आणि ती रिकामीही नव्हती. ‘वाट पाहणे’ म्हणजे कुंपण घालून ठेवणे असा अर्थ घेण्याचे कारण नाही. खेळाची मैदाने, रोपवाटिका, आठवड्याचा बाजार, सायकलचे रस्ते हे सारे दबणाऱ्या जमिनीला चालते, आणि नगर उभे राहण्याआधीच लोकांचे पाय त्या वाटांना लागतात.

घरे आणि कचेऱ्या यांच्या प्रमाणाबद्दल एवढेच म्हणतो की केवळ कचेऱ्यांचा किनारा संध्याकाळी सातनंतर ओसाड होतो आणि केवळ घरांचा किनारा कालांतराने कुंपणे घालू लागतो. दोन्ही एकाच रस्त्यावर हवेत, आणि तळमजल्यावर दुकाने हवीत.

भरती

खाली जाणाऱ्या जमिनीची चर्चा झाली, आता वर येणाऱ्या पाण्याची करू. हवामान बदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार २१०० पर्यंत जगातील समुद्राची सरासरी पातळी, १९९५ ते २०१४ च्या तुलनेत, उत्सर्जन अत्यल्प राहिले तर ०.२८ ते ०.५५ मीटर आणि फार जास्त राहिले तर ०.६३ ते १.०१ मीटर वाढण्याची शक्यता आहे. भरावाच्या नगरात यात जमिनीचे खचणे मिळवावे लागते, कारण रहिवाशाच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम एकच आहे. कान्साईचेच पाहा: सप्टेंबर २०१८ च्या जेबी वादळात लाटा भिंतीवरून आत आल्या, धावपट्टी पाण्याखाली गेली आणि त्यानंतर भिंती वाढवाव्या लागल्या.

भिंत उंच करत जाणे हा एक मार्ग आहे, पण मग पाण्याकाठी राहूनही पाणी दिसत नाही. हॅम्बुर्गच्या हाफेनसिटीत, जे जुन्या बंदराच्या १५७ हेक्टर जागेवर उभे राहत आहे, वेगळा विचार केला आहे. तिथे इमारती आणि रस्ते समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंच चौथऱ्यांवर घेतले आहेत आणि काठाचा फिरण्याचा रस्ता मुद्दाम खाली ठेवला आहे. तो अधूनमधून बुडतो आणि पाणी ओसरले की धुऊन वापरात येतो. पुराच्या वेळी अग्निशमन गाड्या येऊ शकतील असे उंचावरचे मार्ग आधी आखले गेले. १९६२ च्या वादळी पुरात त्या शहरात ३०० हून अधिक माणसे दगावली होती, आणि ती आठवण या आराखड्यात दिसते.

नव्या नगराच्या मागे जे जुने शहर असते, त्याचे पावसाचे पाणी पूर्वी थेट समुद्रात पडायचे. भरावामुळे ते नाले आणखी अर्धा-एक किलोमीटर लांब होतात, उतार मात्र तेवढाच राहतो. भरतीच्या वेळी मुखावरचे झडप-दरवाजे बंद आणि त्याच वेळी जोराचा पाऊस, असे जुळून आले की पाणी जुन्या वस्तीत तुंबते. म्हणजे नवे नगर कोरडे आणि मागचे शहर ओले. पंपिंग आणि साठवण तलाव यांचा खर्च नव्या नगराच्या अंदाजपत्रकातच धरला पाहिजे, नाहीतर तो नकळत मागच्या शहरावर पडतो.

जाळे

इथे सर्व जाणकार आहेत. मी किनाऱ्यावरच्या मासेमार कुटुंबातून आलो आहे, म्हणून पाण्याच्या बाजूने दोन गोष्टी लिहितो.

भरावाच्या नकाशात समुद्र हा निळा, कोरा भाग म्हणून दाखवलेला असतो. आमच्या दृष्टीने त्या निळ्या भागात होड्या बाहेर काढण्याची वाट असते, ओहोटीला बायका शिंपल्या वेचतात तो चिखल असतो, आणि माशांची पिल्ले वाढतात ती उथळ जागा असते. आमच्याजवळ भराव पडू लागला तेव्हा पहिल्यांदा बदलले ते पाण्याचे वळण. प्रवाह भिंतीला आपटून फिरला आणि जिथे पूर्वी ओहोटीलाही होडी तरंगायची तिथे गाळ साचू लागला. वडील बांबूने खोली बघत. बांबूवर त्यांच्या दोन खुणा होत्या, आणि तीन हंगामांत पाणी वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर आले. नुकसानभरपाई मिळाली ती काम सुरू असण्याच्या काळापुरती. गाळ मात्र काम संपल्यावरही येतोच आहे. जमीन बसण्याच्या नोंदी वीस वर्षे ठेवायच्या असतील, तर बाहेरच्या पाण्याच्या खोलीच्या नोंदीही तितकीच वर्षे ठेवाव्यात, आणि भरपाई त्या नोंदींना बांधलेली असावी, अशी माझी विनंती आहे.

रेती कुठून येते हेही कृपया विचारात घ्यावे. एका जागी जमीन वाढते तेव्हा दुसऱ्या कोणाचा तरी समुद्रतळ खरवडला जातो.

भरती

जाळे यांचा दुसरा मुद्दा आकड्यांनी पक्का होतो. सिंगापूरचे क्षेत्रफळ स्वातंत्र्याच्या वेळी सुमारे ५८० चौरस किलोमीटर होते आणि आज ते ७३० च्या वर आहे. त्यासाठीची रेती मोठ्या प्रमाणात शेजारी देशांतून आली, आणि इंडोनेशिया, मलेशिया, कंबोडिया या तिघांनीही वेगवेगळ्या वेळी रेतीच्या निर्यातीवर बंदी घातली. वाळवंटाची रेती वाऱ्याने गोलसर आणि बारीक झालेली असल्याने अशा भरावाला चालत नाही, म्हणून दुबईच्या पाम जुमेराह बेटासाठीही समुद्रतळाचीच रेती उपसावी लागली. प्रवाहाच्या बाबतीतही त्याच बेटाचा धडा घेता येतो: भोवतीच्या लाटारोधक कड्यामुळे आतले पाणी साचून राहण्याचा धोका दिसला, तेव्हा कड्यात मोकळ्या जागा ठेवून पाणी खेळते करावे लागले.

सागवान

एक छोटी भर. अमेरिकेतील बॉस्टनचा बॅक बे भाग १८५७ पासून पुढे भराव टाकून तयार झाला आणि तिथली घरे लाकडी पाइलवर उभी आहेत. लाकूड सतत पाण्याखाली असेल तर शतकानुशतके टिकते, पण भूजल खाली गेले की त्याचे डोके उघडे पडते आणि कुजते. गळक्या वाहिन्यांनी आणि भुयारांनी हे पाणी ओढून घेतले, म्हणून १९८६ पासून तिथे खास भूजल न्यास निरीक्षण विहिरींतल्या पातळ्या मोजत आहे. भराव टाकून सव्वाशे वर्षे झाल्यावर मोजणी सुरू करावी लागली. ‘नोंदी किती वर्षे ठेवायच्या’ याला वीस हे उत्तर मला कमी वाटते.

गाळमाती

सर्वांच्या प्रतिसादांमुळे माझी मूळ मागणी बदलली आहे. मी फक्त ‘भूखंड विकू नका’ एवढेच म्हणत होतो. ताळेबंद यांचे वाचल्यावर असे वाटते की भूखंड विकूच नयेत, भाडेपट्ट्याने द्यावेत, आणि जमिनीचा मालक राहणाऱ्या संस्थेवरच रस्ते, वाहिन्या, काठाची भिंत आणि बाहेरच्या पाण्याची खोली या सगळ्यांची जबाबदारी असावी. पट्ट्याच्या भाड्यातून ठरावीक वाटा दुरुस्तीच्या स्वतंत्र निधीत जावा, म्हणजे पाचव्या वर्षीची पायरी आणि तुटलेला सांधा रहिवाशांच्या वर्गणीवर येणार नाही. कंपन यांचा मुद्दा मान्य आहे: घट्ट करण्याचे काम कुंपणाशी थांबू नये. चौक यांनी सुचवलेले तात्पुरते वापर माझ्या लक्षात आले नव्हते, आणि व्याजाच्या ताणावर तो मला सर्वांत व्यवहार्य उतारा वाटतो.

एका बाबतीत मी अजून ठाम आहे. जादा रेती उचलण्याचा निर्णय आलेख पाहूनच व्हावा, आणि तो ज्याच्यावर कर्ज आहे त्याच्या हाती नसावा. मी स्वतः एकदा आलेख पुरता सपाट झालेला नसताना ‘चालेल’ अशी सही केली आहे. त्या जागेवर आज एक रस्ता आहे, आणि त्याच्यावर पावसाळ्यात कुठे पाणी साचते हे मला न जाताही सांगता येते.

उंबरठा, आपल्या आवारात अजून मोजणी सुरू करता येईल. इमारतीच्या पाइलवर टेकलेल्या एखाद्या खांबावर, जमिनीपासून एक मीटरवर, छिन्नीने आडवी खूण करा. त्याच्या बरोबर खाली फरसबंदीत पितळी खिळा ठोका. खुणेपासून खिळ्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर दर तीन महिन्यांनी पोलादी टेपने मोजा, आणि शक्यतो एकाच माणसाने मोजा. इमारत हलत नाही, त्यामुळे अंतर जेवढे वाढेल तेवढी जमीन गेली. अशा पाच-सहा जागा, त्यांतली एक सांडपाण्याच्या सांध्याजवळ.

उंबरठा

आज सकाळी सहा खांबांवर खुणा केल्या आणि खिळे बसवले. शेजारच्या दोन घरांतली मुलेही मदतीला आली होती. सहाही अंतरे वहीत मिलिमीटरपर्यंत लिहून ठेवली आहेत आणि प्रवेशद्वाराशी सूचनाफलकावरही लावली आहेत. पुढची नोंद तीन महिन्यांनी याच धाग्यात देतो.